रिबेट कापण्यासाठीं हत्यार कोणतें निवडावें?

खिडकीची कांच चौकटींत जेथें बसते तेथें लांकडाच्या कडेला पायरीसारखी एक खाच असते. दार जेथें चौकटीला येऊन टेकतें तेथेंहि तीच. इंग्रजींत तिला रिबेट म्हणतात, व आमच्या सुतारकामाच्या वर्गांत तोच शब्द रूढ आहे. (दुकानदार किंमतींत जी सूट देतो तीहि रिबेटच, दोन्ही शब्दांचें मूळ ‘मागें हटविणें’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूंत आहे.) या खाचेला बाजू दोनच, एक उभी भिंत व एक तळ. दोन्ही सरळ असाव्या आणि कोपऱ्यांत काटकोनांत मिळाव्या, एवढेंच काय तें मागणें. परंतु तेवढ्यासाठीं आमच्या वर्गांत पंधरा दिवस वाद चालला होता.

गेल्या वर्षीं शास्त्राच्या खोलीसाठीं कांचेच्या दारांचें एक कपाट करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. जवळच्या पैशांत लांकूड घेतल्यावर एकच नवें हत्यार येण्यासारखें होतें. तें कोणतें, हें शिक्षकांनीं आमच्यावरच सोंपविलें. कोणी विजेचा राउटर मागितला, कोणी पट्टीचा रंधा; कोणी म्हणाले, करवत व पटाशी असतांना कांहींच नको.

साध्या रंध्यानें ही खाच कां होत नाहीं, तें प्रथम सांगतों. त्याचें पातें दोन्ही बाजूंनीं लांकडानें वेढलेलें असतें, त्यामुळें तें कोपऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं. रिबेटच्या रंध्याचें पातें त्याच्या अंगाइतकेंच रुंद असतें. त्यांतहि ज्याला बाजूची पट्टी आणि खोलीची पट्टी असते तो अधिक सोयीचा: पहिली खाचेची रुंदी ठरविते, दुसरी ठरल्या खोलीवर रंध्यास थांबविते. पट्टी नसल्यास फळीवर एक सरळ काठी शिकंज्यांनीं आवळून रंधा तिच्या कडेनें चालवावा. तंतूंच्या दिशेनें कापावयाचें असेल तर एवढ्यावर काम उत्तम भागतें. दारांच्या चौकटींचे सागवानी तुकडे आम्हीं उसन्या आणलेल्या साध्या रिबेट रंध्यानें असेच केले, आणि आमचा गर्व वाढला.

तो उतरला वरच्या फळीवर. ६ सूत जाडीच्या फळीच्या टोंकाला ४ सूत खोल खाच पाडून २ सुतांची जीभ राखावयाची होती. टोंकाची खाच म्हणजे तंतूंच्या आडवें कापणें. तोच रंधा तेथें लावतांच तंतु कापले न जातां उपटले गेले. खाचेची भिंत कुरतडल्यासारखी झाली, आणि रंधा जेथें बाहेर पडला त्या कडेचा ढलपा निघाला. अशी एक फळी वायां गेली. दुसरी फळी विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून कपाटाची रुंदीच दोन इंचांनीं कमी करावी लागली.

दोष रंध्याचा नव्हता, निवडीचा होता. आडव्या कामासाठींच्या रंध्याला पात्याच्या पुढें एक लहानसा चाकू असतो. तो भिंतीच्या रेषेवर तंतु आधींच तोडीत जातो, मग पातें ते उचलतें. रंधा प्रथम एकदोनदां मागें ओढून या चाकूची रेघ पाडून घ्यावी, आणि ज्या कडेनें रंधा बाहेर पडतो तेथें टाकाऊ लांकडाचा तुकडा आवळावा. पातें तिरपें बसविलेलें असेल तर काप अधिक स्वच्छ येतो.

चाकूचा रंधा नसेल तर करवत आणि पटाशी हींच खरीं. धारदार चाकूनें रेघ खोल आखावी, त्या रेघेवर खोलीच्या खुणेपर्यंत करवत चालवावी, आणि मधला भाग पटाशीनें थोडा थोडा काढावा. वेळ लागतो, पण फळी वायां जात नाहीं. शिवाय जी खाच टोंकापर्यंत जात नाहीं, मध्येंच थांबते, तिच्या शेवटीं रंध्याचें नाक अडतें. तेथें पटाशीवांचून गति नाहीं. कपाटाच्या पाठीची खाच अशीच होती.

राउटरविषयीं थोडेंच. तो काम झटपट करतो, पण यंत्र पात्याच्या फिरण्याच्या उलट दिशेनें न्यावें लागतें, नाहींतर तें हातांतून पळूं पाहतें. आणि थांबलेल्या खाचेचा शेवट गोल राहतो, तो पुन्हां पटाशीनेंच चौकोनी करावा लागतो. गर्दीच्या वर्गांत ती धूळ आणि तो आवाज आम्हांला नको वाटला.

अखेर जुन्या बाजारांतून आम्हीं लोखंडी पट्टीचा रंधा आणला, स्टॅन्ले कंपनीच्या ७८ क्रमांकाच्या धर्तीचा. त्याचें पातें दीड इंच रुंद, आणि तें बसविण्याच्या जागा दोन. पुढच्या जागीं बसविलें म्हणजे तें कोपऱ्याच्या बरेंच जवळ पोंचतें. त्याची बाजूची पट्टी एकाच दांड्यावर असल्यामुळें जोर दिल्यास किंचित् वळते, हें व्यंग खरें. जुना रंधा घेणारानें दोन गोष्टी दुकानांतच पहाव्या. एक, चाकू जागेवर आहे कीं नाहीं. आमच्या रंध्याचा नव्हता, आणि तें घरीं आल्यावर समजलें. दुसरी, पात्याची कड रंध्याच्या अंगाबाहेर केसभर यावी. ती आंत राहिली तर प्रत्येक फेऱ्याला भिंत थोडी थोडी सरकते व सरळ राहण्याऐवजीं उतरती होते.

चाकू मिळेपर्यंत आडव्या खाचा आम्हीं करवत व पटाशीनेंच केल्या. कपाट आतां शास्त्राच्या खोलींत उभें आहे. डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यांत सागवानाची एक बारीक चीप सरसानें बसविलेली दिसेल. ती खाच आम्हीं पट्टी न आवळतां केली होती.