संगणक मंद का होतो?

नवा असताना जो संगणक कळ दाबताच सज्ज होत असे, तोच चार-पाच वर्षांनंतर सुरू होण्यास दहा मिनिटे घेऊ लागतो, ग्रंथालयातील पुस्तकाची साधी नोंद उघडतानाही वाचकास ताटकळत ठेवतो, आणि अखेर ‘यंत्र जुने झाले’ असा शेरा मिळून कपाटामागे जाऊन पडतो. हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो. शिवणयंत्राचे दाते झिजतात, सायकलची साखळी सैल होते. परंतु संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अशी हलणारी, घासणारी अंगे नसतात. त्याच्या कामाचा ठेका एका स्फटिकाच्या कंपनांवरून ठरतो, आणि सेकंदाला दोन-तीन अब्ज ठोके हा त्याचा वेग पहिल्या दिवशी जेवढा असतो तेवढाच पाच वर्षांनंतरही असतो. पंख्यात धूळ साचून यंत्र तापू लागले तर प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवितो, हे खरे. पण तो दोष ब्रशाने दूर होणारा आहे. एरवी बदललेला असतो तो यंत्रावरील भार. या भारातील बराचसा भाग कोणी मागितलेला नसतो, आणि तो उतरविण्यास पैसाही लागत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मेमरी २,०४८ शब्दांची होती, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या मापाने हे सारे मिळून अवघे १० किलोबाइट भरतात. मोबाइलवरून पाठविलेले एखादे छायाचित्रही त्यात मावणार नाही. त्या पिढीतील यंत्रांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. तो संपला की दुसऱ्याची पाळी. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीस फाटा देऊन एक नवी रीत दाखविली. प्रोसेसरच्या वेळेचे बारीक तुकडे करावयाचे आणि ते अनेक प्रोग्रॅमांत पाळीपाळीने वाटावयाचे, ही ती रीत होय.

एकशिक्षकी शाळेचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. गुरुजी पहिलीला पाढे घालून देतात, दुसरीचे शुद्धलेखन तपासतात, तिसरीला नकाशा उघडावयास सांगतात, आणि फिरून पहिलीकडे येतात. प्रोसेसरच्या या फेऱ्या सेकंदाला शेकडो होत असल्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमला जणू तो आपल्यासाठीच बसला आहे असे भासते. संगणकावर वाचकास दिसणाऱ्या खिडक्या दोन-तीनच असतात. परंतु पडद्याआड शंभराहून अधिक लहानमोठ्या प्रक्रिया चालू असणे आज नित्याचे आहे. साहजिकच असे वाटते की, वर्ग वाढले म्हणून गुरुजी पुरे पडत नाहीत. परंतु बहुतेक वेळा प्रकार निराळाच असतो. पडद्याआडचे पुष्कळसे प्रोग्रॅम जवळजवळ सारा वेळ झोपलेले असतात. झोपलेला विद्यार्थी गुरुजींचा वेळ घेत नाही. पण बाकावरची जागा मात्र अडवून ठेवतो. संगणकाच्या मंदपणाचे मूळ शोधावयाचे ते या बाकाशी, म्हणजे मेमरीशी.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत जागा लागते. ती पुरेनाशी झाली म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲटलस’ संगणकाने दिले. त्याची वेगवान मेमरी सुमारे १६ हजार शब्दांची, तर तिच्या जोडीला असलेल्या फिरत्या चुंबकीय पिंपावर ९८ हजारांहून अधिक शब्द मावत. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी योजना केली की, मेमरीतील मजकुराची समान आकाराची पाने पाडावीत, ज्या पानांची तूर्त गरज नाही ती पिंपावर ठेवावीत, आणि लागताच परत आणावीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास या ये-जा करण्याची वार्ताही नसे. त्याला सारी जागा सलग दिसे. आजचे घरगुती संगणक हीच योजना वापरतात. पिंपाच्या जागी हार्ड डिस्क आली, एवढाच फरक.

योजना उत्तम, पण तिची किंमत गणिताने पाहिली पाहिजे. मेमरीतील मजकूर सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येतो. हार्ड डिस्कवर मात्र वाचक-टोक योग्य जागी सरकणे आणि तबकडी फिरून हवा तो भाग त्याखाली येणे, यास मिळून सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक लाख पट वेळ. मेमरीतून वस्तू आणण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कवरून आणण्यास सत्तावीस तासांहून अधिक लागतील. आता एक लाख मागण्यांपैकी एकच डिस्ककडे गेली तर सरासरी वेळ १०० चा २०० नॅनोसेकंद होतो. यंत्र निम्म्या वेगाने चालते. दहा हजारांत एक गेली तर वेळ अकरापट. आणि हजारांत एक गेली, तर सरासरी १०,१०० नॅनोसेकंदांवर पोहोचते. म्हणजे तोच संगणक शंभरपटीने मंद! हजार मागण्यांपैकी नऊशे नव्याण्णव पूर्वीच्याच वेगाने पुऱ्या होत असताना हे घडते.

मंदपणा क्रमाक्रमाने वाढत नाही, तो एका मर्यादेपलीकडे एकदम कोसळतो, याचे रहस्य या आकड्यांत आहे. प्रोग्रॅमांची पाने एकमेकांस बाहेर ढकलीत राहतात, बाहेर गेलेले पान लगेच परत हवे असते, आणि संगणकाचा सारा वेळ ने-आण करण्यातच खर्ची पडतो. अमेरिकन संशोधक पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची मीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या क्षणी खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. चालू प्रोग्रॅमांचे असे सर्व संच मेमरीत मावत असतील तोवरच यंत्र सुरळीत चालते, असे त्यांनी दाखविले. यातून व्यवहारोपयोगी निष्कर्ष निघतो. मर्यादा ओलांडलेल्या संगणकातून चार-पाच निरुपयोगी प्रोग्रॅम काढले, तर मिळणारा दिलासा त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी मोठा असतो. उलट, ज्या संगणकाची निम्मी मेमरी मोकळीच आहे, त्यातून दहा प्रोग्रॅम काढले तरी फारसा फरक जाणवणार नाही. म्हणून आधी परीक्षा, मग उपचार.

विंडोज कार्यप्रणालीत ही परीक्षा करण्याची सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यात मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांवर आणि हार्ड डिस्कचा शंभराजवळ खिळून राहिलेला दिसला, तर वर वर्णिलेली अवस्था आली असे बहुधा समजावे. चार जीबी मेमरीच्या संगणकात कार्यप्रणालीच निम्म्याच्या आसपास जागा व्यापते. त्यामुळे अशा यंत्रावर ही वेळ लवकर येते. कोणत्या प्रोग्रॅमने किती जागा धरली आहे, हेही तेथेच दिसते.

हे बिऱ्हाडकरू आत शिरतात तरी कसे? काही तर विक्रीच्या आधीच येऊन बसलेले असतात. महिनाभर फुकट वापरावयास दिलेले प्रोग्रॅम, खेळ, जाहिराती दाखविणारे साहाय्यक हे सारे यंत्र बनविणाऱ्या कंपन्या आपल्या लाभासाठी त्यात घालतात. २०१५ मध्ये लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’ नावाचा असा एक प्रोग्रॅम आढळला. तो वेबपृष्ठांत जाहिराती घुसवी. एवढेच नव्हे तर त्यासाठी त्याने सुरक्षित संपर्काची कुलपेच सैल करून ठेवली होती. अमेरिकन शासनाच्या सायबर सुरक्षा विभागाने तेव्हा तो काढून टाकण्याचा इशारा दिला. सर्वच आगंतुक इतके घातक नसतात. छपाईयंत्राबरोबर शाई मोजणारा एक सेवक येतो, मोबाइल जोडला की दुसरा येतो. फुकट मिळणारा एखादा प्रोग्रॅम उतरवून घेताना ‘पुढे’, ‘पुढे’ असे दाबीत गेले की आधीच खूण केलेल्या चौकटीतून तिसरा येतो. यांपैकी प्रत्येकाची समजूत अशी की, संगणक सुरू होताच आपण जागे झालेच पाहिजे.

तेव्हा पहिले काम म्हणजे ही आपोआप जागे होण्याची परवानगी काढून घेणे. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या पानावर अशा प्रोग्रॅमांची यादी असते, आणि संगणक सुरू होण्यावर कोणाचा भार जास्त पडतो याची नोंदही असते. नावावर जाऊन ‘डिसेबल’ केले की तो प्रोग्रॅम संगणकातून जात नाही. बोलावल्याशिवाय उठत नाही, इतकेच. चूक झाली तर परवानगी परत देता येते, म्हणून आरंभ येथूनच करावा. एका वेळी दोन-तीन नावेच बंद करावीत आणि काय बंद केले ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. ग्रंथपालास नोंदवहीचे महत्त्व सांगावयास नको. आठवडाभर कोणाचे काही अडले नाही, तर मग ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादीतून तो प्रोग्रॅम कायमचा काढावा. त्याची फाइल शोधून ती हातानेच पुसण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने मुळे तशीच राहतात.

काय ठेवावे, हा विवेक अधिक महत्त्वाचा. विषाणुरोधक प्रोग्रॅम ठेवलाच पाहिजे, मात्र एकच. दोन ठेवल्यास प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि दोघे एकमेकांवरच संशय घेतात. ध्वनी, स्पर्शफलक यांचे सेवक राहू द्यावेत. मराठी टंकलेखनासाठी वेगळा प्रोग्रॅम घातलेला असेल तर तोही बहुधा याच यादीत असतो; तो बंद केला तर दुसऱ्या दिवशी पुस्तकाचे नाव देवनागरीत उमटेनासे होते आणि दोष कळफलकावर येतो. अनोळखी नाव दिसताच त्यास हाकलणे हा उपाय नव्हे. आधी ते कोणाचे, कशासाठी, याची चौकशी करावी.

बदल केल्यावर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा बहुधा पूर्ण बंद न होता डिस्कवर निजवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते. महिनोन्महिने केवळ शट डाउन होणाऱ्या कित्येक संगणकांस खरा आराम असा मिळालेलाच नसतो!

या सर्व खटाटोपाऐवजी एका कळीसरशी संगणक ‘स्वच्छ’ व ‘वेगवान’ करून देण्याचे आश्वासन देणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. त्यांविषयी सावध राहिलेले बरे. मेमरी मोकळी करणारे प्रोग्रॅम चालू पाने डिस्कवर ढकलून देतात आणि मोकळ्या जागेचा मोठा आकडा दाखवितात. पुढच्याच क्षणी ती पाने परत आणावी लागतात. शिवाय मोकळी मेमरी ही काही शिल्लक टाकलेली पुंजी नव्हे. कार्यप्रणाली त्या जागेत नुकत्याच वापरलेल्या फाइली हाताशी ठेवते आणि गरज पडताच जागा सोडते. झाडूवाल्याच्या वेषात चोर शिरल्याचे उदाहरणही आहे. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या प्रसिद्ध सफाई-प्रोग्रॅमच्या अधिकृत प्रतीतच हल्लेखोरांनी हानिकारक भाग घुसविला होता, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ती प्रत सुमारे २२ लाख ७० हजार जणांपर्यंत पोहोचली. संगणकात खरोखरच घातक प्रोग्रॅम असल्याची शंका असेल, तर भारत शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राने उपलब्ध करून दिलेली विनामूल्य साधने वापरावीत.

शाळा व ग्रंथालये यांची एक स्वतंत्र अडचण आहे. तेथील संगणक अनेक हातांखाली जातो. सोमवारी काढलेले बिऱ्हाड शुक्रवारी परत आलेले असते. त्यावर उपाय सोपा आहे. विद्यार्थ्यांसाठी व वाचकांसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे आणि प्रशासक-खात्याचा परवलीचा शब्द एका जबाबदार व्यक्तीजवळ ठेवावा. मग बहुतेक प्रोग्रॅम सर्वांसाठी आत घालणे त्या व्यक्तीवाचून होत नाही. वेबपृष्ठे पाहण्याच्या ब्राउझरकडेही लक्ष असावे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमपासून उघडलेल्या पानांना वेगवेगळ्या प्रक्रिया देण्याची पद्धत रूढ झाली. एक पान कोलमडले तरी बाकीची टिकतात, हा तिचा लाभ. पण वीस पाने उघडी ठेवली तर मेमरीही त्या मानाने जाते. ब्राउझरची खिडकी मिटल्यावरही काही भाग चालू ठेवण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये असते. ती बंद करावी.

इतके करूनही यंत्र रखडत असेल, तर लहानसा खर्च विचारात घ्यावा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली तर १० मिलिसेकंदांचे काम सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होते. मघाच्या हिशेबात ज्या स्थितीत संगणक शंभरपटीने मंदावला होता, त्याच स्थितीत तो आता दुपटीनेच मंदावेल. मेमरी वाढविणेही तितकेच गुणकारी. मात्र काही लॅपटॉपांत ती मुख्य फलकावर कायमची जोडलेली असते, हे आधी पाहून घ्यावे.

एक गोष्ट वेगाहून निराळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली. त्यानंतर ती केवळ वेगळी नोंदणी करणाऱ्यांनाच मर्यादित काळ मिळते. पडद्याआडचे प्रोग्रॅम काढल्याने असा जुना संगणक वेगवान होईल, पण सुरक्षित होणार नाही. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रावर लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली घालता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही अशीच एक असून तीत मराठीची सोय आहे. केरळमधील शाळा तर अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आल्या आहेत. बदल करण्यापूर्वी पुस्तकांच्या नोंदी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि ग्रंथालयाचा नोंदणी-प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर चालतो की नाही, हे एका यंत्रावर पाहून मगच बाकीच्यांना हात लावावा.