सापगावच्या पुलाखालचा गोटा

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने सापगावच्या पुलाखालून, भातसेच्या पात्रातून एक काळा गोटा आणला. अंड्यासारखा गुळगुळीत. "सर, हा कुठला खडक?" मी घाईत सांगून टाकले, "नदीतला आहे, म्हणजे गाळाचा." तिने तक्त्यावर तसे लिहिलेही. संध्याकाळी घरी अम्मी पाट्यावर मसाला वाटत होती. वरवंट्याकडे पाहिले आणि चूक लक्षात आली. दगड तोच!

नदी दगड बनवत नाही, घासते. शहापूर-मुरबाडचा हा सारा मुलूख सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. थिजून त्याचा बेसाल्ट झाला. उर्दूत अशा दगडाला आतिशी चट्टान म्हणतात. सह्याद्रीवरून सुटलेला तुकडा पुरात गडगडत येतो. आधी कोपरे झिजतात, मग अंग गोल होते. गाळाचा खडक म्हणजे रसूबी. रसूब म्हणजे तळाशी बसलेला साका. वाळू-माती थरावर थर साचून, दबून घट्ट झालेली. तो पाहायचा तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे जावे, तिथे कोळशाच्या थरांसोबत वालुकाश्म आहे.

मग ओळखायचे कसे? वरचा गुळगुळीतपणा काहीच सांगत नाही, फुटलेली ताजी बाजू पाहावी. बेसाल्ट आतून काळा-करडा, कण नजरेला दिसत नाहीत, हाताला जड. वालुकाश्मात वाळूचे कण दिसतात, बहुधा थरांच्या रेषाही. चुनखडकावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात. पण इथे फसगत होते. आपल्या काळ्या दगडावर पांढरे ठिपके असतात. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची ती घरे, पुढे खनिजांनी भरलेली. त्यात कॅल्साइट असेल तर तेही फसफसते. म्हणून ठिपका सोडून काळ्या भागावर थेंब टाकावा.

अशाच पोकळ्यांत अकीकही तयार होतो. हो, अंगठीतला अकीक! खंबायतला घडवतात तोही मूळचा याच दख्खनच्या लाव्हातला. उजेडाकडे धरला की कडा थोडी पारदर्शक दिसते आणि तो काचेवर ओरखडा काढतो.

मुलांना पात्रात न्यायचे तर उन्हाळ्यातच. वर भातसा धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुलीने 'गाळाचा' खोडले नाही, त्यावर कागद चिकटवून 'आगीचा' लिहिले आणि विचारले, "सर, मग पाटाही आगीचाच का?"