छंदाला सवलत नाही

पहाटे ५.४५

जानेवारीत बारामतीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी मी हवामानाचे आकडे बघून ठेवते: वारा, दृश्यमानता, तापमान, दवबिंदू. शेवटचे दोन आकडे एकमेकांजवळ सरकले की धुक्याची शक्यता वाढते. इथे तर कालवा आहे, भिजवलेला ऊस आहे, शिवाय तोड झालेल्या फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर. नजरेच्या भरवशावर उडायचं तर निदान पाच किलोमीटर दिसायला हवं. आज दिसेल.

पहिलं उड्डाण डॉक्टरांचं. पुण्यात त्यांचा दातांचा दवाखाना आहे, वय बावन्न. रात्रीच इथे मुक्कामाला आलेत. त्यांना विमान कंपनीत नोकरी नको, स्वतःच्या आनंदासाठी उडायचं आहे. अशा विद्यार्थ्याला शिकवताना मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते: खाली दवाखाना असो की शेती, वर गेल्यावर तुम्ही फक्त पायलट.

६.४५

प्रि-फ्लाइट तपासणी. आमचं सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचं, ११० अश्वशक्तीचं विमान. डॉक्टर पंखाखाली वाकून टाकीच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतात आणि नळी उजेडाकडे धरतात. हे पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी त्याहून जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. आज तळाला मोहरीएवढा थेंब आहे. रात्रीच्या गारठ्यात टाकीच्या रिकाम्या भागात ओल धरते, ती अशी खाली उतरते. ते पुन्हा नमुना काढतात, पुन्हा बघतात. नळी पूर्ण निळी दिसेपर्यंत हात थांबत नाही. तेवढं पाणी इंजिनात गेलं आणि नेमकं चढताना ते अडखळलं, तर सावरायला उंचीच नसते.

मग वजनाचा हिशेब. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ७५७ किलो. दोन मोठी माणसं आणि भरलेल्या टाक्या म्हटलं की आकडा काठावर येतो. डॉक्टर स्वतःचं वजन अंदाजाने सांगत नाहीत, काट्यावर उभे राहतात.

७.३०

इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवून ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो तपासले. एक बंद केल्यावर फेऱ्या १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत. मग थ्रॉटल पुढे, पन्नास नॉट्सला नाक हलकेच वर. साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर पूर्वेकडून पश्चिमेला चाललाय. विंडसॉकही तेच सांगतोय.

आज सर्किट. धावपट्टीभोवती जमिनीपासून हजार फुटांवर आयताकृती फेरी, उतरायचं आणि पुन्हा उडायचं. धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना (डाउनविंड) कार्ब्युरेटर हीट चालू. बाहेर वीस अंश तापमान असतानाही हवेत ओल असली तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद वाटेतून पसरताना आतलं तापमान झपाट्याने घसरतं. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या माणसाला हे आधी पटत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगते.

"नजर चाकांखाली नको, धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला," मी म्हणते. नाक उचलायची वेळ पायाखाली बघून कळत नाही. लांब बघितलं की धावपट्टी वर उठल्यासारखी वाटते, तेव्हा हात हळूहळू मागे घ्यायचा.

पुढच्या फेरीत फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर असताना बाजूच्या उसातून बगळ्यांचा थवा उठला. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी थ्रॉटल पूर्ण पुढे केला. "गो-अराउंड, मॅडम." विमान वर, मग टप्प्याटप्प्याने फ्लॅप आत. सगळ्या सकाळीत मला सर्वांत समाधान देणारं हेच. गुळगुळीत लँडिंग सरावाने येतं. उतरायच्या मोहावर पाणी सोडणं ज्याला आपणहून सुचलं, तो पायलट व्हायला लागला.

९.००

डीब्रीफिंग आणि लॉगबुक. वेळ जागतिक वेळेप्रमाणे लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. त्यात एकट्याने केलेला निदान १५० सागरी मैलांचा प्रवास असावा लागतो, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण उतरून. वय सतरा पूर्ण, शिक्षण दहावी, द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी; शिवाय नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती यांची परीक्षा. व्यावसायिक परवान्याची वाट याच पायऱ्यांवरून जाते. मात्र या परवान्यावर उडण्याचे पैसे घेता येत नाहीत.

१.००

दुपारी जमीन तापते, हवेचे झोत उठतात, नवख्याला सर्किट जड जातं. मग डबे उघडतात. विमान कंपनीच्या नोकरीसाठी शिकणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं डॉक्टरांना विचारतात, "सर, एवढा खर्च करून नोकरी नाही, मग मिळणार काय?"

मला हा प्रश्न आपल्या समाजाचाच वाटतो. शिकलं की त्यातून पगार निघालाच पाहिजे! मुलांना मी जेआरडी टाटांबद्दल सांगते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते याच आवडीच्या जोरावर. आणि १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पुन्हा केला. त्या वेळी त्यांना कुणाकडून पगार घ्यायचा नव्हता.

३.३०

टेबलावर नकाशा. डॉक्टर बारामती ते सोलापूर रेघ ओढतात. वाऱ्यामुळे विमान किती सरकेल, किती इंधन लागेल, परत फिरायचं कुठून, सगळं कागदावर. भिगवणकडे उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्ष्यांची दाटी असते, म्हणून तिकडे सरकायचं नाही. मध्येच हवा बिघडली तर काय, हे मी विचारते. "मागे फिरायचं," ते म्हणतात. "आणि सोमवारी दवाखान्यात पेशंट थांबलेले असले तर?" थोडं थांबून उत्तर येतं, "तरी मागेच."

५.४५

सूर्यास्ताआधी शेवटचं विमान खाली आलं. दोर बांधले, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर टोपी चढवली. उद्याच्या फलकावर मी डॉक्टरांचं नाव लिहिते, शेजारी मुलांची नावं. प्रत्येकासमोर तीच तपासणी यादी. हौशी पायलट वाढले तर गावोगावच्या निजलेल्या धावपट्ट्यांना जाग येईल, आणि विमान म्हणजे केवळ तिकीट काढून बसायची गोष्ट राहणार नाही. पण ते वाढायला हवेत ते असे, नळी उजेडाकडे धरून थेंब शोधणारे. त्यासाठी शनिवार-रविवार इथे घालवायला मी आनंदाने तयार आहे.