पडण्याची विद्या

ज्येष्ठ वाचकहो, ज्यूदोचा आरंभीचा धडा दुसऱ्याला पाडण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घ्यायची, डोके जमिनीवर आपटू द्यायचे नाही आणि पसरलेल्या हाताने आघात विभागायचा. जपानीत यास ‘उकेमी’ म्हणतात.

केइको फुकुदा यांनी १९३५ मध्ये टोकियोच्या कोदोकान संस्थेत हा धडा गिरवला. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो हे त्यांच्या आजोबांचे शिष्य. बाईंची उंची पाच फुटांहून कमी. संसाराऐवजी त्यांनी ही विद्या पत्करली. १९५३ मध्ये पाचवी श्रेणी मिळाली. सहावीसाठी मात्र १९७२ उजाडले, कारण त्यापुढची वाट स्त्रियांना बंद होती. विद्येत उणे काहीच नव्हते! पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्या वृद्धापकाळातही शिकवीत राहिल्या. २०११ मध्ये, ९८व्या वर्षी, अमेरिकेतील ज्यूदो संघटनेने त्यांना सर्वोच्च दहावी श्रेणी दिली.

आपण मात्र उकेमी घरी करून पाहू नये. हाडे ठिसूळ असल्यास मुळीच नको. पडण्याच्या धास्तीने चालणे सोडले, तर पाय अधिकच दुर्बळ होतात. डॉक्टरांना विचारून, घरचे कोणी जवळ असताना, ओट्याचा आधार घेऊन क्षणभर एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा.