तेजाबाचा तांबूस धूर

विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलई बांधव देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी शुद्ध करतात. सोन्यात चांदी मिसळून सोनं साधारण पाव हिश्श्यावर आणायचं आणि ते मिश्रण तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचं. चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी उरतं. भांड्यावर चढतो तो तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा.

हा धूर पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की तांबूसपणा जातो. पण पाण्याशी क्रिया होताना त्याच्या दर तीन रेणूंमागे दोन रेणू आम्ल बनतं आणि एक रेणू नायट्रिक ऑक्साइड सुटतो: बिनरंगी, पाण्यात जेमतेम विरघळणारा. धुराडं स्वच्छ दिसतं, वायू मात्र निसटलेला असतो! हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तांबूस होतो, पण त्याचं प्रमाण निम्मं झालं की या क्रियेचा वेग चौथाईवर येतो. म्हणून शेवटचा थोडासा वायू पकडणंच सर्वांत कठीण. दोन्ही वायू सारख्या प्रमाणात असले, तर कॉस्टिक सोड्याचं द्रावण त्यांना जोडीने शोषतं.

म्हणजे वायू किती विरघळतो आणि किती वेगाने क्रिया करतो, ही दोन्ही गणितं एकत्रच मांडावी लागतात. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या द्रावणात शोषून घेतानाही हेच करतात.

गलईच्या कोंदट खोलीत हे गणित जिवाशी येतं. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला तर सुरुवातीला फारसं जाणवत नाही. फुप्फुसांत पाणी भरतं ते काही तासांनी. अशा खोलीत नुसता पंखा लावून भागत नाही.