खाडीकाठची श्वसनमुळे

वनस्पतींची मुळे जमिनीत खाली जातात, हा सर्वसाधारण अनुभव. कोकणातील खाड्यांच्या काठी मात्र तिवराची मुळे चिखलातून वर डोकावताना दिसतात.

मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. शेतजमिनीत तो मातीच्या कणांमधील पोकळीतून मिळतो. खाडीचा चिखल भरतीच्या पाण्याने सतत भिजलेला असल्याने त्यात हवा जवळजवळ नसतेच. म्हणून तिवर व चिप्पी यांच्या आडव्या मुळांवर खुंट्यांसारखी श्वसनमुळे उगवतात. ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते व खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटतात. ती झाडाला मऊ चिखलात तोलून धरतात आणि हवाही पुरवितात.

दुसरे संकट खारेपणाचे. पाणी शोषताना ही मुळे बहुतांश मीठ बाहेरच रोखून धरतात. तिवरात आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकले जाते.

ही मुळे लाटांचा जोर कमी करतात, काठाची माती धरून ठेवतात आणि मासे व कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. महाराष्ट्राने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. तथापि, श्वसनमुळांवर मातीचा किंवा राडारोड्याचा भराव पडला, तर कुऱ्हाड न लावताही झाड गुदमरून मरते. कांदळवन राखावयाचे, तर केवळ वृक्षतोड थांबविणे पुरेसे नाही. भरती-ओहोटीची वाटही मोकळी राहिली पाहिजे.