चावी आणि शाव

मोझांबिकमधल्या मापुतोमध्ये तीन वर्षं नोकरी करून बोईसरला परतलो, त्याला आता चौदा महिने झाले. मध्यंतरी तिकडच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. वर्कशॉपचा दरवाजा निखळलाय, असं तो पोर्तुगीजमध्ये सांगत होता. त्याचं मला सगळं कळत होतं, पण 'बिजागरी तुटली का?' एवढं विचारायला शब्द सापडेना. 'ती... दाराची... फिरते ती' असं काहीतरी बरळलो.

भाषा विसरते ती अशी. ऐकलेलं कळत राहतं, बोलायला जावं तर जीभ अडते. हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये 733 जणांची परीक्षा घेतली होती. त्यांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेलं होतं, काहींनी तर पन्नास वर्षांपूर्वी. गळती पहिल्या तीन ते सहा वर्षांतच होते, आणि त्यानंतर जे उरतं ते पंचवीस-तीस वर्षं जवळपास जसंच्या तसं राहतं, असं बाहरिकना आढळलं. म्हणजे मी नेमका धोक्याच्या वर्षांत आहे.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाचा डबा घ्यायला गेलो. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, "एक घमेलं, चार बिजागऱ्या आणि या चावीची डुप्लिकेट." मी तिथेच थबकलो. एका दमात तीन पोर्तुगीज शब्द! घमेलं म्हणजे गामेला, त्यांच्याकडचं लाकडी पसरट भांडं. बिजागरी म्हणजे बिझाग्रा. चावी म्हणजे 'शाव'.

गंमत पुढेच आहे. मापुतोत किंवा लिस्बनमध्ये तुम्ही 'चावी' म्हणालात तर समोरचा गोंधळेल, कारण तिथे आज उच्चार 'शाव' असा होतो. मग आपला 'च' आला कुठून? पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरले तेव्हा ते स्वतःच 'च' म्हणत होते. सतराव्या-अठराव्या शतकात लिस्बनकडे त्या 'च'चा 'श' झाला. तोवर आपण शब्द उचलून खिशात टाकला होता. उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत तो जुना 'च' अजून ऐकू येतो, तसाच तो बोईसरच्या किल्लीवाल्याकडेही! बिजागरीचंही तेच. तिकडे आता सर्रास 'दुब्रादीसा' म्हणतात; हाच तो फोनवर न सापडलेला शब्द. बिझाग्रा त्यांच्या रोजच्या बोलण्यातून मागे पडला, आपल्या दारांना मात्र अजून लटकलेला आहे.

एकदा कान टवकारले की थांबवत नाही. पाव म्हणजे 'पांव', लिलाव म्हणजे 'लइलांव'. दोन्हींच्या शेवटी पोर्तुगीजांचा तो नाकातून जाणारा आवाज आहे. मराठीने नाक सोडलं आणि 'व' ठेवला, दोन्ही ठिकाणी अगदी एकाच नियमाने. अर्थ मात्र वाटेल तसे वळले. 'पगार' हे त्यांच्याकडे क्रियापद, पैसे चुकते करणं. आपल्याकडे महिन्याच्या शेवटी हातात पडतो तो. त्यांच्या जेवणाच्या ताटलीची, प्रातूची, आपण कणीक मळायची परात केली. त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडाही. त्यावरून आपला तुरुंग.

दमण 1559 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलं. तारापूर, शिरगाव, केळवे, माहीम हे बोईसरच्या आसपासचे त्यांचे किल्ले 1739 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकले. इथलं त्यांचं राज्य गेलं, पण घमेलं राहिलं, कारण गारा वाहायला ते लागतच होतं. आशियातल्या भाषांत असे शिरलेले शब्द गोव्याचे सेबास्तियांव दालगादो यांनी गोळा केले आणि 1913 मध्ये ग्रंथच काढला. काही ठिकाणी तर नुसते शब्द नाहीत, बोलीच उरली. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत आणि इथून वापीला उतरून गाठता येणाऱ्या दमणमध्ये पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते.

आपले शब्द तिकडेही गेले, हे मला मापुतोत कळलं होतं. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले. तिथे समोशाला 'शामुसा' म्हणतात, आणि सकाळी रस्त्याच्या कडेला चवळीच्या पिठाची गरम 'बाजिया' पावात घालून देतात. पहिल्या आठवड्यात ते हातात घेऊन मी वेड्यासारखा हसत उभा होतो. शब्द परत करायचा तर असा, तळून!

हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या दिवसापासून माझी पोर्तुगीजची उजळणी वही-पुस्तकाशिवाय चालते. बाजारात प्रत्येक वस्तूला मनात तिकडचं नाव द्यायचं: कोबी कोव, बालदी बाल्द, फीत फीता. काल संध्याकाळी भजीवाल्याकडे उभा होतो. तोंडून निघून गेलं, "दोइश पांव कों बाजिया."

त्याने न बघता विचारलं, "मिरची घालू?"